रुखवतातलं ताट आणि वाडीचं तळं

पाण्याकडे आमच्या थोरल्या साडूंइतक्या संशयाने बघणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही. आमच्या शहरात पाण्याविषयी एकच प्रश्न विचारला जातो, "आलं का?" मुकुंदवाडीपासून गारखेड्यापर्यंत माणसं सकाळी एकमेकांना रामराम घालायच्या आधी हे विचारतात, आणि आलंच असेल तर ते कुठून आलं, कुठल्या रंगाचं आलं, याची चौकशी करण्याचा माज कुणाला परवडत नाही. साडूंना परवडतो. त्यांच्यापुढे पेला ठेवला की ते तो उचलून खिडकीकडे धरतात, एक डोळा मिटतात, पेला कलता करतात, नाकाशी नेतात, आणि मग यजमानाकडे अशा नजरेने पाहतात की आयुष्यभर अब्रूने जगलेल्या माणसालाही आपण काहीतरी लपवतोय असं वाटू लागतं. चहाचंही तेच, ताकाचंही तेच. आमच्या घरच्या सत्यनारायणाला त्यांनी तळहातावरचं तीर्थसुद्धा दारात जाऊन उजेडात पाहिलं होतं. ते भटजी अजून मला रस्त्यात ओळख देत नाहीत.

साडू म्हणजे एकाच सासऱ्याच्या गोड बोलण्याला भुललेले दोन गडी, एवढंच खरं तर हे नातं. पण आमचं ते जरा जास्तच घट्ट झालं, आणि त्याला कारण एक ताट. सासऱ्यांनी दोन्ही मुलींना रुखवतात सारखीच स्टीलची ताटं दिली होती, काठावर टिंबाटिंबांनी स्वतःचं नाव कोरून. एका रविवारी साडू त्यांच्या वाट्याचं ताट काखेत मारून माझ्याकडे आले. मी शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून ते मला मास्तर म्हणतात. "मास्तर, ह्याला अर्धा काळा अन् अर्धा पांढरा रंग द्या. काठ सोडून." मी रंग दिला. मग त्यांनी ताटाला मधोमध भोक पाडलं, खाली दगड बांधला, वर सुतळी ओवली आणि सुतळीला हात हात अंतरावर गाठी मारल्या. हे ताट पाण्यात सोडायचं आणि कितव्या गाठीपर्यंत दिसतं ते बघायचं. खोलवर दिसलं तर पाणी बरं, लवकर गडप झालं तर पाणी आजारी. त्या दिवसापासून त्यांनी ताट सोडलं नाही अशी विहीर, बारव, हौद किंवा तळं दौलताबादच्या आसपास उरलेलं नाही. एका लग्नात तर मंगल कार्यालयाच्या कारंज्यात त्यांनी ते सोडलं आणि वधूपिता धावत आला. ताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, अजूनही म्हणतात, "माह्या बापाचं नाव ह्या माणसानं जिल्हाभर बुडवलं." आमच्या वाट्याचं ताट आमच्या हिने तेव्हाच माळ्यावर लपवून ठेवलंय.

पाण्याबद्दल ते आजारी माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. "ह्याला खायला लई होतंय," असं एखाद्या हिरव्या डबक्याकडे बघून हळहळत म्हणतात. त्यांच्या मते पाणी उपाशी असलं तरच धड राहतं. शेतातलं खत, मोरीतला साबणाचा फेस, गोठ्यातला पाझर, देवाचं निर्माल्य हे सगळं वाहत वाहत तळ्यात येतं, तळं ते बकाबका खातं आणि मग त्याच्या अंगावर शेवाळ माजतं. एकदा मला कुणीतरी शनीसाठी माशांना कणकेच्या गोळ्या घालायला सांगितलं होतं. मी बिचारा डबा घेऊन तळ्याच्या काठी उभा, तेवढ्यात मागून गर्जना झाली, "मास्तर, अजीर्ण झालेल्याला जेवायला वाढायलात?" आणि त्यांनी मला ढोपरभर पाण्यात उतरवून त्या गोळ्या एकेक करून बाहेर काढायला लावल्या. माझ्या साडेसातीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, पण मासे माझ्याकडे बघून हसत होते हे मी शपथेवर सांगतो.

दुसरा छंद बाटल्यांचा. खोकल्याच्या औषधाच्या, लोणच्याच्या, मधाच्या बाटल्यांतून त्यांनी गावोगावचं पाणी भरून आणलेलं असे आणि ते फ्रिजमध्ये ताईंच्या दह्या-दुधाशेजारी नांदत असे. मी तिथे गेलो की एकेक बाटली माझ्या नाकासमोर धरून विचारायचे, "हा हिरवा कंचा?" मी म्हणायचो, पोपटी. "आन् हा?" मेंदी. ते वहीत लिहून घ्यायचे. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा व्हायचं तेच झालं. ताईंनी मुलीला वाळ्याचं सरबत आणायला सांगितलं. पोरीने फ्रिजमधली हिरवीगार बाटली काढली, बर्फ घातला आणि ट्रे घेऊन बाहेर आली. मुलाच्या मामांनी पेला ओठाशी नेला, आणि त्याच वेळी साडूंनी सवयीप्रमाणे आपला पेला खिडकीकडे धरला. "थांबा!" ते ताडकन उठले. "कुणी पिऊ नका! हे आमच्या वाडीचं तळं हाय!" मामांचा हात हवेतच राहिला. ताईंनी पदर तोंडाला लावला. मला हसू येऊ नये म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरातली एकादशी शोधू लागलो. मुलाने मात्र पेला हातात घेतला, न्याहाळला आणि विचारलं, "पण काका, हे एवढं हिरवं कशामुळं झालं?"

साडू खाली बसले. "माझ्यामुळं," म्हणाले.

हे खरंच होतं. वाडी हे त्यांचं गाव, दौलताबादच्या डोंगराच्या आडोशाला. तिथे त्यांनी तीस वर्षं खत-बियाण्याचं दुकान चालवलं. दुकानदार म्हणून ते इतके दिलदार होते की गिऱ्हाईक एक गोणी मागायचं आणि साडू त्याला दोन गोण्यांचं महत्त्व पटवून द्यायचे. "देवाला नारळ आन् कपाशीला युरिया, हात आखडायचा नाय," हे त्यांचं वाक्य पंचक्रोशीत म्हणीसारखं झालं होतं. पावसाच्या तोंडावर युरिया फेकायचा, पाऊसच तो मुरवतो, हाही त्यांचाच सल्ला. आणि रिकाम्या गोण्या अंथरायला-पांघरायला घरी न्यायच्या तर आधी तळ्यात खंगाळायच्या, म्हणजे उरलंसुरलं खत माशांच्या मुखी लागतं आणि आपल्याला पुण्य, हीसुद्धा त्यांचीच धर्मबुद्धी. पाऊस खत मुरवत नव्हता, वाहून नेत होता. तळं वर्षागणिक हिरवं होत गेलं, आणि गावाला त्याचा आनंदच झाला. पाण्यात ताकद आली म्हणून लोक एकमेकांना दाखवू लागले.

मग एका उन्हाळ्यात बिरूच्या सात शेळ्या तळ्यावर पाणी प्यायल्या आणि संध्याकाळच्या आत पाय झाडून मेल्या. बिरू साडूंचा लहानपणचा सवंगडी. दोघं त्याच तळ्यात पोहायला शिकले, आणि दुकान बंद केल्यावर साडू रोज बिरूच्या झोपडीपुढे बसून शेळीच्या दुधाचा चहा पीत. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी पाण्यावरची हिरवी साय काडीने उचलून पाहिली आणि सांगितलं की हे शेवाळच विषारी आहे, आणि ते खतावर पोसलंय. दुसऱ्या दिवशी बिरू दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. "शेट," म्हणाला, "मला ना शेत ना शिवार. तुमच्या दुकानातून म्या कधी चिमूटभर खत नेलं नाय. मंग माह्या शेळ्या कामून मेल्या?" एवढं बोलून तो गेला. त्यानंतर तो उरलेल्या शेळ्या डोंगरापलीकडच्या विहिरीवर नेऊ लागला, येऊन-जाऊन अर्धा दिवस. चहाला त्याने साडूंना बोलावलं नाही आणि साडूंची जायची छाती झाली नाही. महिन्याभरात त्यांनी दुकान बंद केलं आणि गारखेड्यात राहायला आले. पण मन तिथे रमतंय कुठे! बिरूच्या शेळ्या पुन्हा त्या तळ्यावर पाणी प्यायल्या पाहिजेत, एवढ्या एकाच गोष्टीसाठी त्यांनी ताट हातात घेतलं होतं.

(त्या मुलाशी मुलीचं लग्न झालं. मामा मात्र आजही या घरात पाणीसुद्धा पीत नाहीत.)

साडू स्कूटरवरून दर आठवड्याला वाडीला जाऊ लागले, मागे मी, माझ्या मांडीवर ताट. त्यांची खरी फजिती तिथे व्हायची. आभाळ भरून आलेलं असताना कुणी युरियाचं घमेलं घेऊन शेतात निघालं की साडू बांधावर आडवे व्हायचे, "आरं, आज नको फेकू, सगळं तळ्यात जातंय!" तो माणूस शांतपणे म्हणायचा, "शेट, पाऊसच मुरवतो, तुम्हीच सांगितलं व्हतं." बायका तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यावर गोण्या धुवायला बसल्या की तेच. "आवं, माशांच्या मुखी लागतंय, पुण्य हाय, तुम्हीच म्हनायचे." जन्मभर वाटलेलं शहाणपण गाव त्यांना एकेक करून परत करत होतं. साडू हात जोडायचे. "म्या चुकलो व्हतो. गाढव व्हतो." हे वाक्य त्यांनी इतक्या शेतांतून इतक्या वेळा म्हटलं की शेवटी पोरंटोरं त्यांना लांबून बघूनच ते ओरडू लागली. पण लोक हसता हसता ऐकूही लागले, कारण स्वतःला गाढव म्हणणारा दुकानदार त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता.

सगळ्यात मोठी लढाई पोळ्याची. आदल्या दिवशी सगळ्या गावाचे बैल तळ्यात उतरतात, आणि हल्ली त्यांना कपडे धुवायच्या पावडरीने घासायची टूम निघालीय. फेसाने तळं भरतं. साडूंनी काठापासून दूर एक सिमेंटचा हौद बांधून घेतला, त्याचं सांडपाणी केळींच्या खाचरात सोडलं, आणि त्या दिवशी स्वतः रिठ्याची पोती घेऊन तळ्याच्या उतारावर उभे राहिले. एका खोंडाला हे अजिबात पटलं नाही. त्याने साडूंना रिठ्यासकट हौदात ढकललं, आणि गावाने त्या वर्षी बैलांआधी साडूंना न्हाऊ घातलं. अंगभर रिठ्याचा फेस, टोपी तरंगतेय, आणि वर हे मलाच विचारतायत, "मास्तर, एक बी बैल तळ्यात गेला नाय ना?" नव्हता गेला. त्यांनी ओढ्याच्या दोन्ही काठांना वाळाही लावला, शेतातून येणारं खत त्याच्या मुळांनी अडवावं म्हणून. ताई म्हणाल्या, आता तरी खरं सरबत करा.

पहिल्या वर्षी ताट वीतभर खाली जाताच गडप व्हायचं. दुसऱ्या वर्षी एक गाठ. तिसऱ्या उन्हाळ्यात दोन गाठी खाली ताट मला दिसलं, साडूंना काही ते पटेना, पण प्रयोगशाळेचा कागद बरा आला, गुरांच्या डॉक्टरांनीही मान डोलावली. साडूंनी तो कागद बिरूकडे निरोप्याबरोबर धाडला. बिरूने उलटा निरोप दिला, "शेळी कागद वाचून पानी पीत नाय." आणि मग आठवड्याभरात डोंगरापलीकडची विहीर आटली.

"बिरू शेळ्या घेऊन तळ्याकडं निघालाय," असा फोन आला तेव्हा साडू जेवत होते. हात न धुता उठले. आम्ही पोचलो तेव्हा कळप उतारावर आला होता. तीन वर्षं ज्या घटकेची वाट पाहिली ती समोर आली, आणि आमच्या साडूंनी काय करावं? धावत जाऊन दोन्ही हात पसरून शेळ्यांपुढे आडवे उभे राहिले. "थांब बिरू! एकदा ताट सोडून बघतो!" त्यांनी ताट सोडलं. एक गाठही पुरी गेली नाही तोच त्यांचा चेहरा उतरला. "दिसत नाय," म्हणाले. "मास्तर, गेलं. तळं पुन्हा गेलं. नको बिरू, माघारी ने." त्यांच्या हातून सुतळी सुटून ताट आणखी खाली गेलं, दुसऱ्या गाठीशी मी ती पकडली.

मी वाकलो. मला ताट स्पष्ट दिसत होतं. तसं मी म्हणालोही, पण मी ज्यांना आयुष्यभर चिडवलं ते माझ्यावर कशाला विश्वास ठेवतील! तेव्हा बिरू काठी टेकत पुढे आला, काठावर उकिडवा बसला आणि कपाळावर आडवा हात धरून त्याने पाण्यात पाहिलं.

"कामून दिसत नाय?" तो म्हणाला. "त्ये काय. पांढरं हाय, काळं हाय. काठाला अक्षरं बी दिसायलीत. मला वाचता येत नाय, नायतर तुह्या सासऱ्याचं नाव वाचून दाखवलं असतं. तुहे डोळे गेलेत, पानी नाय. सरक आता, तानेजलीत ती."

साडू सरकले. शेळ्या पाण्याला तोंड लावून पिऊ लागल्या. साडू मात्र पुढे संध्याकाळपर्यंत त्या कळपामागे फिरले, एखादी शिंकली तरी दचकत. शेळ्या रवंथ करत बसल्या तेव्हा कुठे ते टेकले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंतर मोतीबिंदू सांगितला. दोन वर्षं तो पिकत होता म्हणे, आणि हा माणूस बाकी जगाचा गढूळपणा मोजत हिंडत होता. मी त्यांना चिडवायला म्हणून हे सांगायला गेलो आणि माझ्याच्याने चिडववलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा वाडीला गेलो. सगळ्या शेळ्या उभ्या होत्या. बिरूची बायको आतून दोन कप घेऊन आली. शेळीच्या दुधाचा चहा. मी सवयीने साडूंच्या हाताकडे बघत राहिलो, आता कप उजेडाकडे जाईल, एक डोळा मिटेल. त्यांनी चहा बशीत ओतला आणि न बघता, न हुंगता, एका दमात पिऊन टाकला. इतक्या वर्षांत त्यांना असं काही पिताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि माझे डोळे भरून आले हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

"साखर कमी झाली का रं?" बिरूने विचारलं.

"नाय," साडू म्हणाले आणि बशी पुढे केली. "आजून थोडा वत."