बारा-तेराचा पाना

काल सकाळी सुदामकाका गेले, आणि त्यांचा बारा-तेराचा पाना जागेवर नव्हता.

हसू नका. आमच्या सापगावात ही साधी गोष्ट नाही.

सुदामकाका माझे सख्खे काका. एअर फोर्समध्ये बत्तीस वर्षं काढली, वॉरंट ऑफिसर म्हणून रिटायर झाले. गावाने मात्र त्यांना परस्पर 'पायलट' करून टाकलं.

बिचारे समजावून थकले.

"अरे, मी विमान उडवला नाय कधी. मी इंजिन फिटर. उडवणारा सुखरूप खाली यावा, एवढाच बघितला."

दुसऱ्या दिवशी परत दारात कोणीतरी, "ओ पायलट, आमचा पंप बघता का?"

मग काकांनी ओट्याला लागून शेडच टाकली. पंप, मळणी मशीन, जे येईल ते दुरुस्त करायचे.

भिंतीवर एक मोठी फळी. तिच्यावर प्रत्येक हत्याराचा आकार लाल रंगाने रंगवलेला. पाना खिळ्यावर टांगला की लाल झाकलं जातं, काढला की दिसतं.

"लाल दिसला म्हणजे काम संपला नाय," काका म्हणायचे.

विमानाचं काम झालं की हत्यारं मोजायची. एक जरी कमी भरलं तरी विमान जागचं हलत नाही, कारण तो पाना इंजिनात राहिलेला असू शकतो. काकांनी तोच नियम सापगावच्या पंपांना लावला. कटकट नुसती!

मी बारावी नापास होऊन घरी बसले होते, तेव्हा काकांनी मला हाताखाली घेतलं.

त्रास गावाला झाला. "पोरीच्या हातात पाना? लगीन कोण करंल हिच्याशी?" गणपतदादा तर तोंडावर बोलायचे. आमचे शेजारी. मनाने साफ, पण जीभ म्हणजे विळा.

त्याच वर्षी दिवाळीनंतर त्यांच्याच खळ्यावर आम्ही मळणी मशीन दुरुस्त केलं. भात कापून पडलेलं. आभाळ भरून आलेलं. दहा माणसं खोळंबलेली.

काकांनी पेटी उघडून हत्यारं मोजली. बारा-तेराचा पाना नाही.

"मशीन चालू होणार नाय."

गणपतदादा भडकले. "भात भिजला तर तुमचा पाना शिजवून खाऊ काय? हा काय विमान हाय?"

तो पाना शेवटचा मी वापरला होता. कुठे ठेवला, काही केल्या आठवेना.

बोलले असते तर अख्खं खळं म्हणालं असतं, बघा, पोरीचा काम नाय तो. उद्यापासून माझी शेड बंद. परत घरात बसायचं. म्हणून गप्प राहिले. काका माझ्या वाट्याच्या शिव्या खात होते आणि मी खाली मान घालून पेंढा चिवडत होते. आजही आठवलं की लाज वाटते.

शेवटी नाहीच राहवलं.

"काका, माझ्याकडून राहिला. कुठे ते आठवत नाय."

वाटलं, संपलं आपलं.

काका म्हणाले, "शाबास. आता सांग, शेवटचा नट कुठला आवळलास?"

ड्रमच्या वरचा. हात घातला. पाना तिथेच होता, ड्रमच्या तोंडाशी, पेंढ्याखाली. मशीन चालू केलं असतं तर गोळीसारखा सुटला असता. आणि समोर पेंढ्या द्यायला उभे होते खुद्द गणपतदादा.



काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जो सांगतो त्याला आमच्यात शिक्षा नाय. लपवतो त्याला हाय. उद्यापासून माझी पेटी ही पोरगी सांभाळंल."

भात थोडं भिजलंच. गणपतदादांनी त्यावर चकार शब्द काढला नाही.

याला नऊ वर्षं झाली.

काल निरोपाला शहापूर-मुरबाडकडचे माजी सैनिक आले. पाच-सहा जण, पांढरे केस, छातीवर मेडल्स. त्यात म्हसा गावचे एक आजोबा, तेही एअर फोर्सचे, काकांसारखेच इंजिन फिटर. तिरडी बांधून झाली होती. आजोबा काठी टेकत शेडमध्ये शिरले आणि फळीसमोर थांबले.

"पोरी, एक लाल दिसतोय."

"हो आजोबा. परवापासून शोधतेय, नाय सापडत."

ते बाहेर आले आणि हात वर केला. "थांबा. एक पाना कमी आहे. टूल चेक झाल्याशिवाय ह्याला न्यायचा नाय."

ऊन चढलेलं. मला वाटलं, आता कोणीतरी वसकन ओरडणार. पण जागचं कोणी हललं नाही. नऊ वर्षांत गाव एवढं तरी शिकलं होतं.

मग गर्दीतून गणपतदादा पुढे आले. खिशातून पाना काढला.

"मी नेलता, पंपाला. तुमी दवाखान्यात होता, इचारायला कोण नव्हता. आज गुपचूप टांगणार होतो." मान खाली. "सांगायची हिंमत होईना. काय ती शिक्षा दे गो."

मला एकदम रडूही आलं आणि हसूही.

"शाबास, दादा," म्हटलं.

पाना टांगला. लाल झाकलं गेलं. आजोबांनी काठी सोडून कडक सॅल्यूट ठोकला, आणि मागे सगळ्यांनी.

तेरावं झालं की मी शेड उघडणार आहे. उंबरमाळीहून दोन मुली शिकायला येतात. यापुढे पेटी त्या मोजतील. मी नुसती कटकट करणार.

काका, वरती कोणी पायलट म्हणालं तर चिडू नका. एकदा होऊनच टाका.

हत्यारं मोजली. सगळी जागेवर आहेत. फळीवर लाल नाही.

तुम्ही निघा.