पाहुण्याला गोळी लागू नये

शी! त्या सकाळची आठवण झाली की अजून माझं तोंड कडू होतं.

साडेसहा वाजले होते. कॅनडात, मार्कहॅममधल्या आमच्या घराचं दार फोडून एक माणूस आत आला, गाडीच्या चावीसाठी. मी जिन्यात उभी, हातात चहाचा कप. तो मफलरमागून नुसतं 'कीज' म्हणाला. आणि मी काय म्हणाले? 'सॉरी.' चोराला सॉरी! वर चावी कुठल्या वाटीत आहे तेही बोट करून दाखवलं. माझी आठ वर्षांची लेक मागे दोन पायऱ्यांवर उभी राहून सगळं बघत होती. गाडी गेली, दुसरी आली. पण त्या 'सॉरी'ची मला जी किळस आली, ती काही केल्या जाईना.

नवरा म्हणाला, "कॅमेरे लावू." मी म्हटलं, "खड्ड्यात गेले तुझे कॅमेरे." तेव्हा इथे पिस्तूल विकत घेता येत होतं, बंदी नंतर आली. कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स काढलं. फॉर्मवर कारण लिहिलं टार्गेट शूटिंग, कारण स्वसंरक्षण हे कारण इथे चालतच नाही. मनात मात्र तो जिना होता. चक्क खोटारडेपणा केला, दुसरं काय!

मग शूटिंग क्लबात जायला लागले. नुसतं उभं राहून नेम धरण्यात काही अर्थ नाही, कुणी आलं तर ते थांबणार आहे होय? म्हणून स्पर्धेत उतरले. बीप वाजली की पिस्तूल काढायचं, धावायचं, आडोशामागून डोकावायचं, पळता पळता गोळ्यांचं मॅगझिन बदलायचं. पुठ्ठ्याची माणसं उभी केलेली असतात. तपकिरी दिसला की मारायचा. पांढरा म्हणजे बिचारा निरपराध, त्याला लागली तर गुण कापतात. तिथले लोक त्याला नो-शूट म्हणतात. मी त्याला पाहुणा म्हणायचे. घरीही तोच शब्द रुळला. रेंजवरून आले की नवरा विचारायचा, "काय, आज किती पाहुणे गारद?" आणि लेक खिदळायची.

पहिल्या वर्षी मी पाहुण्यांची अक्षरशः चाळण केली. घाई नडायची. आमचा शिकवणारा एक निवृत्त पोस्टमन होता. तो एकच गोष्ट घोकवून घ्यायचा, आधी पांढरा बघ, मग गोळी. आणि नळी चुकून जरी जिवंत माणसाकडे वळली, तर पिस्तूल रिकामं असो नाहीतर भरलेलं, तुमची स्पर्धा तिथेच संपली, थेट घरी. दुसऱ्या वर्षी हात बसला. पाय हलायला लागले. यंदा तर एकाही पाहुण्याला गोळी लागली नव्हती. शेवटची एक मॅच राहिली होती. ती धड गेली की मी स्वतःला सांगणार होते, बाई गं, आता तुझ्या भरवशावर घर सोडायला हरकत नाही.

त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. पाटावर लॅपटॉप, ड्रिल, बर्फ उपसायचं शोव्हल असं सगळं मांडलं. नवरा म्हणाला, "अगं, खरं शस्त्र घरात असताना आपण शोव्हलला कुंकू काय लावतोय?" आणि मला, मूर्खाला, ते पटलं. तिजोरीतून पिस्तूल मीच काढलं. रिकामं असल्याची दोनदा खात्री मीच केली. ट्रिगरचं कुलूप लावलेलं शस्त्र देवापुढे बरं दिसत नाही म्हणून ते कुलूपही मीच काढलं. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. पिस्तुलाला लावलेल्या तेलावर कुंकवाचा घाणेरडा लाल चिखल झाला.

जेवायला नवऱ्याच्या ऑफिसातला एक पुणेकर सहकुटुंब आला होता. श्रीखंड चापून झाल्यावर पाटाशी गेला, बोटं चाटली, त्याच बोटांनी पिस्तूल उचललं. "वहिनी, एक फोटो!" बोट सरळ ट्रिगरवर. कॅमेऱ्याकडे बघत त्याने हात फिरवला आणि नळी माझ्या लेकीवर येऊन थांबली. ती सोफ्यावर पुरी खात बसली होती.

ओरडायला हवं होतं. दोन पावलं टाकून मनगट पिरगाळायला हवं होतं, तेवढं मला आता येत होतं. पण डोक्यात काय आलं? घरी जेवायला आलेल्या माणसाला असं कसं बोलायचं, त्याची बायको काय म्हणेल. मी हातात श्रीखंडाचं पातेलं धरून हसत म्हणाले, "भावजी, सांभाळून हं."

कट्.

त्याने ट्रिगर ओढला होता. "रिकामंच आहे हो!" म्हणून नवरा हसला, तोही हसला. लेक उठली, ताट तसंच ठेवलं आणि म्हणाली, "अंकल, पुट इट डाऊन." आणि वर निघून गेली. मी पिस्तूल कुलपात घातलं आणि पुन्हा वाढायला आले. हो, वाढायला! "अजून थोडं घ्या ना, भावजी." स्वतःच्याच आवाजाची मला ओकारी आली.

ते गेल्यावर नवऱ्याला वाट्टेल ते बोलले. तो बिचारा ताटं उचलत राहिला, कारण त्यालाही ठाऊक होतं की मी त्याच्यावर नाही, स्वतःवर चिडले आहे. मग पिस्तूल खोलून ब्रशने कुंकू काढत बसले. कोपऱ्याकोपऱ्यात भरलं होतं मेलं. लेक दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होती.

रविवारी मॅचला गेले. नेम चुकला नाही की पाय अडखळले नाहीत. एका ठिकाणी तर दोन पांढऱ्यांच्या मधल्या फटीतून तपकिरी टिपला. पोस्टमनने पाठ थोपटली.

घरी आले तेव्हा लेक किचनमध्ये टोस्टला लोणी लावत होती. जिंकल्याच्या तोऱ्यात मी म्हटलं, "अगं, आख्ख्या वर्षात पाहुण्यांना एकही गोळी लागली नाही!"

तिने मान वर केली नाही. "ऑफ कोर्स, आई. यू आर ऑलवेज नाइस टू गेस्ट्स."

सोमवारी पोलिसांना फोन केला. पिस्तूल जमा करायचंय म्हटलं. पलीकडच्या बाईने बजावलं की आता नियम बदललेत, एकदा दिलंत की दुसरं मिळायचं नाही. म्हटलं, ठाऊक आहे. मग तिने कारण विचारलं. या वेळी मी खरं सांगितलं.

"आमच्याकडे पाहुणे येतात."