उलट्या इस्त्रीवरची भाकरी

कंपनीनं आम्हा दोघांना नवीन मशीन शिकायला सहा महिने जर्मनीला पाठवलं. मी भोसरीच्या वर्कशॉपमधला, दुसरे चाकणच्या प्लांटमधले. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणायचो.

राहायला एक खोली होती. शेगडी नाही. एक इलेक्ट्रिक किटली, टोस्टर आणि कपड्यांची इस्त्री. किटलीत आम्ही भात शिजवायचो. पाणी उकळलं की ती आपोआप बंद व्हायची, म्हणून बटण चमच्यानं दाबून धरायचं. भात खाली करपायचा, वर कच्चा राहायचा.

दादांना शुगर होती. भात, पाव, दोन्ही वर्ज्य. घरून बाजरीचं पीठ आणलं होतं त्यांनी. एका रविवारी दोन बुटांच्या मधे इस्त्री उलटी बसवली आणि तळहाताएवढी भाकरी थापून तिच्यावर टाकली.

"पापुद्रा आला बघा, राव!"

त्या खोलीत ते हसले ते तेवढेच.

मग रोज रात्री भाकरी व्हायची. तिसऱ्या रविवारी ती करपली आणि धुराचा अलार्म वाजला. अख्खी इमारत थंडीत खाली उभी राहिली. घरमालकानं तक्रार केली. साहेबांचा फोन आला, "पुन्हा असं झालं तर दोघंही परत."

माझं प्रमोशन त्या ट्रेनिंगवर अडलं होतं. मी इस्त्री बॅगेत घातली आणि कुलूप लावलं.

"दादा, आता पावावर भागवायचं."

"बरं," म्हणाले.

मग त्यांचं जेवण कमी होत गेलं. विचारलं की "भूक न्हाई." गोळ्या मात्र वेळेवर घ्यायचे. मला सगळं दिसत होतं. मी किल्ली काढली नाही.

एका सकाळी बसची वेळ झाली तरी ते उठेनात. अंग घामानं भिजलेलं, डोळे अर्धे उघडे. हॉस्पिटलात सांगितलं, उपाशीपोटी गोळ्या घेऊन साखर फार उतरली, फार वेळ उतरलेली राहिली. मेंदूला इजा झाली होती.

त्यांना घरी पाठवलं. मी सहा महिने पुरे केले. प्रमोशनही मिळालं.

परतल्यावर चाकणजवळच्या त्यांच्या गावी गेलो. दादा ओट्यावर बसले होते. वहिनी त्यांच्या सदऱ्याची बटणं लावत होत्या.

"भावजी, तिकडं खायाची आबाळ व्हती का वं? हे काय सांगत न्हाईत."

"नाही वहिनी," मी म्हणालो. "सगळं मिळायचं."

दादा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काही बोलायचं होतं की नाही, मला कळलं नाही.