दालन नंबर दोनमधली कळशीवाली

कळशीवालीचं लुगडं हिरवं होतं की जांभळं, यावरून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस भांडण चाललं होतं. मी जांभळं म्हटलं. त्यावर सातपूरच्या एका इंजिनिअरने फोटो टाकला. फोटोत तो स्वतः सहा वर्षांचा, नाक पुसायचं राहिलेलं, आणि मागे हिरव्या लुगड्यातली कळशीवाली. खाली लिहिलं होतं, ‘ताई, आठवणीवर जाऊ नका, पुरावा बघा.’ फोटो इतका विटलेला होता की त्यात त्याचा पांढरा शर्टसुद्धा पोपटी दिसत होता. पण हे सांगायला गेले असते तर आणखी तीन दिवस गेले असते. लुगडं जांभळंच होतं. आमच्या घरच्या ट्रंकेतलं होतं, आणि सरस लावून ते कडक करताना त्याचा रंग माझ्या बोटांना लागला होता. हे मात्र मी ग्रुपवर लिहिलं नाही.

त्र्यंबकच्या रस्त्याला एक जुनी बाग आहे. झोपाळे, होडी, आगगाडी आणि तीन दालनं. पहिल्यात वेडेवाकडे आरसे, दुसऱ्यात गोदाकाठचं हलतं गाव, तिसऱ्यात चंद्रावर उतरलेला माणूस. मुंबईचे मोठाले पार्क पाहून आलेल्यांना हसू येईल अशीच ती होती. पण नाशिकच्या शाळांच्या सहली वर्षानुवर्षं तिथेच गेल्या, आणि त्या सहलींतली पोरं आता चाळिशीला टेकल्यावर त्यांना बागेचा उमाळा आला. ग्रुपचा ॲडमिन दिंडोरीचा एक दंतवैद्य आहे. लोकांच्या दाढा काढून जो वेळ उरतो तो सगळा हा माणूस बागेत घालवतो. बैल मान दोनदा हलवायचा की तीनदा, चंद्रावरच्या माणसाच्या पायाखाली वाळू होती की सिमेंट, कळशीवाली मान वर करायला किती सेकंद घ्यायची, यावर तिथे शाळेच्या निकालाइतक्या गंभीरपणे चर्चा होते. मला हसू यायचं, आणि मी प्रत्येक मेसेज वाचायचे.

दुसरं दालन माझ्या वडिलांनी केलं होतं. त्यांना आम्ही नाना म्हणतो. नाना गणपतीचे हलते देखावे करायचे. पुतळा प्लास्टरचा, आत ट्रकच्या वायपरची मोटर आणि सायकलची साखळी. देखावा दहा दिवसांचा. अकराव्या दिवशी सगळं सोडवायचं, धडं एकीकडे, हात एकीकडे, आणि डोकी पोत्यात भरून माळ्यावर. गेल्या वर्षीची जिजाऊ यंदा कैकेयी व्हायची. केस बदलले, कुंकू बदललं, की झालं काम. आमच्या माळ्यावर देव आणि राक्षस एकाच पोत्यात सुखाने नांदत होते.

बागेचं काम मात्र कायमचं होतं, म्हणून नानांनी गावातल्या काही माणसांना खरे चेहरे द्यायचे ठरवले. नांगरवाला म्हणजे माझा काका. आणि नदीवर कळशी भरणारी बाई म्हणजे माझी आई. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. ओसरीत आई पाटावर, समोर शाडूचा गोळा घेऊन नाना. आई दर पाच मिनिटांनी आमटी बघायला उठायची आणि नाना ओरडायचे, “अगं, हनुवटी कुठं नेली?” आई म्हणायची, “चुलीपाशी. या तिकडंच.” तिची उत्तरं मला अशी शब्दाला शब्द आठवतात. हातही आठवतात, बोटांच्या टोकांना चिरा पडलेले.

मी अकरा वर्षांची असताना, श्रावणात, काविळीने ती गेली. तिचा फोटो एकच, लग्नातला. मान खाली आणि मुंडावळ्यांनी अर्धा चेहरा झाकलेला. त्यावरूनच स्टुडिओवाल्याने भिंतीवरचा फोटो रंगवून मोठा केला, आणि तिला इतकी गोरी केली की मावशीने दारातूनच विचारलं, “ही कोण?” त्यानंतर दोन वर्षं मी बागेकडे फिरकले नाही. आठवीत शाळेची सहल गेली तेव्हा दुसऱ्या दालनात मी सगळ्यांच्या मागे थांबले. कळशीवाली वाकली, कळशी बुडवली, मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. बाईंनी दोनदा हाक मारली तरी माझा पाय निघेना. पुढे लग्न झाल्यावर नवऱ्याला तिथे नेलं, मुलं झाली तेव्हा मुलांना नेलं. “ही तुमची आजी,” असं सांगितलं. धाकट्याने तिला टाटा केला होता.

नाना आमच्याबरोबर कधी आले नाहीत. दर सोमवारी बाग बंद असते, त्या दिवशी ते एकटे जायचे, साखळ्यांना तेल घालायचे आणि परत यायचे. हात थरथरू लागले तेव्हा तेही थांबलं. आमच्यात त्या बाईविषयी कधी बोलणं झालं नाही. दुखऱ्या जागेला हात लावू नये, असं मी समजत होते.

मग सिंहस्थाची चाहूल लागली आणि बागेच्या व्यवस्थापनाला दालनं जुनी झाल्याचा साक्षात्कार झाला. ॲडमिनने ग्रुपवर नवीन आराखडा टाकला. आरसे राहणार, चंद्र जाणार. दुसऱ्या दालनात गावाच्या जागी गोदामाईची कथा, प्रकाश आणि आवाजासकट, आणि कळशीवालीच्या जागी मुकुट घातलेली, मगरीवर बसलेली गोदामाई. चाहत्यांनी आपली मतं कळवावीत, असंही खाली होतं.

ग्रुपची दोन शकलं झाली. ॲडमिनचं म्हणणं, एक खिळासुद्धा हलवायचा नाही. इंजिनिअरचं म्हणणं, वायपरची मोटर ही लाज आहे, आता अशा मोटरी येतात की बाई पापणीसुद्धा हलवेल. एकीने मुद्दा काढला की बायका तिला तसंही हळदीकुंकू लावतातच, मग देवी करायला काय हरकत आहे? हे मात्र खरं होतं. कठड्यावरून हात पोचतो म्हटल्यावर आपल्याकडे कोण थांबतं? मंगळवार-शुक्रवारी तिचं कपाळ भरलेलं असायचं, पायाशी तांदूळ, एकदा तर खणसुद्धा. रखवालदार ओल्या फडक्याने पुसायचा, आणि दर दिवाळीला बागेचा रंगारी चेहऱ्यावरून ब्रश फिरवायचा. इतक्या वर्षांत त्या चेहऱ्यात मला जे काही परकं वाटलं ते मी त्या रंगाऱ्याच्या नावावर मांडत आले.

ॲडमिनने मतदान लावलं. पहिले दोन दिवस पारडं आमच्या बाजूला होतं, मग हळूहळू मुकुट वर चढायला लागला. शाळेत मी चित्रकला शिकवते. वर्गात मुलं फुलदाणी काढत बसलेली आणि मी टेबलाखाली फोन धरून मतं बघते आहे, अशी गत. शेवटी मधल्या सुट्टीत मी लिहून टाकलं, ‘कळशीवाली ही माझी आई आहे. तो चेहरा माझ्या वडिलांनी तिला समोर बसवून घडवला. मी लहान असतानाच ती गेली. तिचा दुसरा नीट फोटो आमच्याकडे नाही. कृपा करून ती राहू द्या.’

मग पहिला मेसेज आला, ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ त्याच्यामागे दुसरा. मग रांगच लागली, हात जोडलेले, फुलं, पणत्या. एकाने ‘ताई, खचू नका, आम्ही सगळे आहोत’ असं लिहिलं. सिडकोतल्या एका गृहस्थांनी विचारलं, ‘अंत्यविधी किती वाजता?’ आईला जाऊन तीस वर्षं उलटून गेली आहेत हे मी कोणाकोणाला सांगू? मी त्या गृहस्थांना फक्त ‘आभारी आहे’ असं कळवलं.

वाटलं, निदान मतं तरी फिरतील. फिरली. ज्यांचं ठरत नव्हतं त्या सगळ्यांनी मुकुटाला मत दिलं. इंजिनिअरने अगदी मनापासून लिहिलं, ‘ताई, आई म्हणजे देवीच ना. आईंना आता मगरीवर मानाने बसू दे. साधी पाणी भरणारी बाई म्हणून किती दिवस ठेवायचं?’ त्याच्या खाली तीस अंगठे. खुद्द ॲडमिनने, खिळासुद्धा न हलवणाऱ्याने, आपलं मत बदललं आणि मला वेगळा मेसेज करून सांगितलं की तुमच्यासाठीच बदललं. एवढ्या चांगल्या मनाच्या लोकांशी भांडता येत नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी दोन परत दिल्या असत्या.

मी बागेच्या मॅनेजरला जाऊन भेटले. तरुण होता, त्याने उठून खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, “मॅडम, वरून फायनल झालंय. आणि तुमच्या ग्रुपनेच तर पाठिंबा दिलाय.” मी म्हटलं, मग डोकं तरी द्या. तो जरा बिचकला, मग म्हणाला, “न्या ना. ठेकेदार नाहीतरी भंगारातच टाकणार.”

सोमवारी मी शाळेतून अर्धी रजा टाकून गेले. गाव अर्धं मोडून झालं होतं. काकाचा नांगर भिंतीला टेकवलेला, बैलांची शिंगं गोणीत. ठेकेदाराच्या माणसाने कळशीवालीच्या गळ्यातला बोल्ट फिरवला आणि डोकं माझ्या हातात दिलं. “सांभाळून, ताई, नाक कच्चं हे.” मी ते ओढणीत गुंडाळलं, भाजीच्या पिशवीत ठेवलं आणि स्कूटीवर पायांपाशी घेऊन घरी आले. वाटेत प्रत्येक गतिरोधकाला मी “सांभाळ गं” म्हणत होते. मला खरंच वाटत होतं की मी तिला घरी आणते आहे.

नाना गॅलरीत खुर्चीवर बसले होते. ते रडतील या हिशेबाने मी आधी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मग डोकं काढून त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. डोकं उलटं केलं, मानेच्या भोकातून आत बोट फिरवलं आणि म्हणाले, “सीतेच्या साच्यातलं हाय. लय डोकी काढली याच्यातून.”

“नाना, ही आई आहे.”

“नाय पोरी.” त्यांनी ते परत सरळ केलं. “तुझ्या आईचं डोकं मी ती गेली त्याच साली उतरवलं. तेराव्यानंतर सोमवारी तेल घालायला गेलो. तेल घातलं की मोटर चालू करून बघाया लागती. चालू केली. तिनं मान वर केली. मला नाय झालं ते. अनंत चतुर्दशीला गणपतीसंगं गोदेत सोडलं तिला. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचं हे काढलं, केस लावलं आणि बसवलं.”

“मला सांगितलं का नाही?”

“काय सांगायचं?” त्यांना खरोखर नवल वाटलं होतं. “मला वाटलं, तुला बघितल्याबरोबर कळलं असंल. चित्रं काढती तू. म्हणून तर माझ्यापुढं त्या बाईचं कधी नाव काढत नव्हती. पोरगी बापाला सांभाळून घेती, असं मी समजून होतो.”

रागवावं असं वाटलं, पण राग कोणावर काढणार? वर्गात मी मुलांना सांगते, चेहऱ्याच्या दोन बाजू कधी सारख्या नसतात, नीट बघा. नानांच्या मांडीवरच्या त्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत्या, आणि रंगाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता. आठवीपासून मी त्या चेहऱ्यापुढे उभी राहत आले, कितीदा तर डोळे भरून आले, मुलांना आजी म्हणून दाखवला, ग्रुपपुढे हात जोडले. एकदाही मला कळलं नाही की ही ती नाही. आईचा चेहरा मी कधीच विसरून बसले होते, आणि विसरले आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. याची मला इतकी लाज वाटली की नानांकडे बघवेना.

फोन वाजत होता. ग्रुपवर कोणीतरी बातमी दिली होती. ‘ताई, आई घरी आल्या ना? फोटो टाका, दर्शन घेतो.’ मी फोन पालथा ठेवला.

“मग ती दिसायची कशी, नाना?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत भिंतीवरच्या गोऱ्यापान फोटोकडे. उजवा हात उचलला आणि अंगठ्याने हवेत गालाची गोलाई धरली, शाडू दाबताना धरायचे तशी. हनुवटीपाशी आल्यावर अंगठा थांबला, पुन्हा वर गेला, पुन्हा तिथेच थांबला. मग त्यांनी हात खाली घेतला आणि मांडीवरच्या त्या डोक्यावर ठेवला.

“आता मलाबी हीच दिसती,” ते म्हणाले.