नावाड्याचा आवाज

बाबांची उभी हयात कोर्टात नकला काढण्यात गेली. हैदराबादच्या खालच्या कोर्टात ते कारकून होते. मूळ कागदात काना चुकलेला असला तर नकलेतही तो तसाच चुकलेला ठेवायचा, हा त्यांचा धर्म. "कागदावर हाय तेवढंच. कमी नक्को, जास्त नक्को," हे वाक्य आम्ही रोज भाकरीबरोबर खाल्लं आहे. अशा माणसाच्या मुलीने परवानगी न घेता दुसऱ्याच्या गेमवरून गेम बनवला.

शाळेत असताना नल्लकुंट्याच्या एका इंटरनेट कॅफेत मी एक परदेशी गेम खेळायचे. पुरात गाव वाहून गेलेली एक मुलगी नदीकाठाने आपली माणसं शोधत जाते. शेवटी एक नावाडी तिला पलीकडे नेतो, पण अख्ख्या खेळात तो एक अक्षर बोलत नाही. कंपनीने पुढे त्या गेमकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी मात्र नोकरीला लागले तरी त्या मुलीतच अडकलेली. माझं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं. ऑफिसात चित्रं काढणारी एक तेलुगू मैत्रीण होती. आम्ही दोघींनी ठरवलं की त्या मुलीची पुढची गोष्ट आपण रचायची, हैदराबादच्या मुसी नदीच्या काठावरची, आणि नावाड्याला बोलतं करायचं.

चित्रं आमची, संगीत आमचं, गोष्ट आमची. मुलगी आणि गेमचं नाव तेवढं त्यांचं. मैत्रीण पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "नाम बदल देंगे ना यार, कपडे बदल देंगे. फिर अपनाच गेम है, कायकू पूछता कोई?" तिचं शंभर टक्के बरोबर होतं. पण मला तिच्यासारखी दुसरी मुलगी नको होती, तीच हवी होती. मी हटून बसले.

बाबांनी विचारलं, "परवानगी काढली का?"

"फुकट देतोय बाबा, विकत नाही. आणि पहिल्याच पडद्यावर लिहिलंय की सगळे हक्क मूळ कंपनीचे."

"मंजे चोरी करून वर पावती द्यायली तू," बाबा म्हणाले. "अति शहाणा, त्याचा बैल रिकामा." पण नावाड्याचा आवाज द्यायला ते तयार झाले. आढेवेढेसुद्धा घेतले नाहीत.

बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरी, एका रविवारी दुपारी, खिडकीला गोधड्या बांधून आम्ही रेकॉर्डिंग केलं. माईक तपासायला मी म्हटलं, काहीही बोला. काहीही म्हणजे काय, ते त्यांना सुचेना. मग त्यांनी डोळे मिटले आणि सबंध त्रिशरण-पंचशील म्हटलं. आमची माणसं नोकऱ्यांसाठी मराठवाड्यातून इथे आली. त्यांनी गल्लीत पत्र्याचं छप्पर घालून एक विहार उभा केला. तिथे दर बुद्धपौर्णिमेला वंदना सांगायचे ते बाबाच. आधी त्यांचा एकट्याचा आवाज, मागून सगळ्यांचा. मी ते रेकॉर्डिंग बाबांना ऐकवलं आणि गेमच्याच फोल्डरमध्ये 'माईक टेस्ट' म्हणून ठेवून दिलं.

मग नावाड्याची वाक्यं झाली. शेवटच्या काही वाक्यांना त्यांचा घसा बसल्यासारखा वाटत होता. नावाड्याला शोभतो म्हणून मी तो घोगरेपणा तसाच ठेवला, उलट तीच वाक्यं पुन्हा दोनदा म्हणायला लावली. याची मला अजून लाज वाटते.

गेम इंटरनेटवर टाकला. लोकांना आवडला, नावाडी तर फारच आवडला. तोवर तो बसलेला घसा म्हणजे कॅन्सर हे आम्हाला कळलं होतं. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलं. आईने लहान मुलांची पाटी आणली, आणि बाबा तिच्यावर मराठीत लिहू लागले. मी इंग्रजी शाळेतली, मराठी अक्षर लावून लावून वाचणारी. त्यांनी लिहायचं, मी अडखळायचं, आणि माझं वाचून होईपर्यंत त्यांनी वाट पाहायची. आज हे जे काही मला लिहिता येतंय ते त्या पाटीवरच शिकले.

ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. सात दिवसांत गेम काढा, आणि गेमच्या सर्व प्रती, चित्रं आणि गेमची ध्वनिमुद्रणं नष्ट केल्याचं सही करून कळवा. खाली साक्षीदाराच्या सहीला जागा होती. मैत्रीण म्हणाली की सगळे सही करतात आणि एक प्रत ठेवून देतात, कोण बघायला येतंय. एखाद्या वकिलाला विचारावं, हे दोघींनाही सुचलं नाही.

बाबांनी नोटीस छापून आणायला सांगितली. ओळीखाली बोट धरून ती दोनदा वाचली. त्यात त्यांचा नावाडीही जाणार होता, आणि हे त्यांना दिसत होतं. 'ध्वनिमुद्रणं' या शब्दाखालून बोट दोनदा फिरलं. मग पाटीवर लिहिलं, "चूक आपली. लिहिलंय तसं कर." आणि साक्षीदार म्हणून त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात सही केली.

त्या सहीला मी भ्याले. एक जरी फाईल माझ्याकडे राहिली तर बाबा खोटे ठरतील, एवढंच डोक्यात होतं. मैत्रिणीच्या लॅपटॉपवरून पुसलं, पेन ड्राइव्हवरून पुसलं, इंटरनेटवरच्या साठ्यातून पुसलं. माझ्या लॅपटॉपवरचं अख्खं फोल्डर अशा सॉफ्टवेअरने पुसलं की मागे काही उरू नये. 'माईक टेस्ट' दिसली होती मला. बाबांना विचारावं असं मनात आलंही. पण ऑपरेशनपासून घरात 'आवाज' हा शब्दच कोणी काढत नव्हतं, आणि माझीही जीभ रेटली नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं म्हणत मी बटण दाबलं. वर स्वतःच्या प्रामाणिकपणाचं थोडं कौतुकही केलं.

बुद्धपौर्णिमेला आम्ही बाबांना विहारात नेलं. गळ्याच्या छिद्रावर पांढरा रुमाल, अंगात पांढरा सदरा. माणसं बसली. वंदना कोण सांगणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघू लागले. बाबा मात्र निवांत होते. त्यांनी पिशवीतून घरचा छोटा स्पीकर काढून माझ्यापुढे ठेवला. तो त्यांनी सकाळीच चार्ज करून घेतला होता, हे आईला ठाऊक होतं, मला नाही. मग पाटीवर लिहिलं, "ती वंदना लाव."

मी हळूच म्हटलं, "बाबा, ती पुसली. बाकी सगळ्याबरोबर."

त्यांना कळलंच नाही. माझं मराठी कच्चं म्हणून मी चुकीचं वाचलं असावं, असं त्यांना वाटलं असेल. त्यांनी तेच शब्द पुन्हा, मोठ्या अक्षरात लिहिले. मी नकारार्थी मान हलवली. रडू आवरत नव्हतं.

मग त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, "ती खेळात नव्हती."

नव्हतीच. नोटिशीत 'गेमची ध्वनिमुद्रणं' असंच होतं, घरी जाऊन मी ती पुन्हा वाचली. बैल गेला अन् झोपा केला, तसा पुढे लॅपटॉप घेऊन दुकानंही हिंडले. काही मिळालं नाही, मी माझं काम चोख केलं होतं. वंदनेच्या वेळी आमच्यात सगळ्यांचे हात जोडलेले असतात, फोन कोणी काढत नाही. त्यामुळे विहारातल्या एवढ्या वर्षांतलं एकही रेकॉर्डिंग कुणाकडेच नव्हतं.

त्या दिवशी शेवटी शेजारच्या काकांनी वंदना सांगितली, अडखळत. लोक मागून म्हणत होते. बाबांनी पाटी मांडीवर पालथी ठेवली, हात जोडले, आणि सगळ्यांच्या आधी, नेहमीच्या जागी, त्यांचे ओठ हलू लागले.