मलावीला गेलेले मिस्त्रीकाका

"थांबा, तिला बोलू द्या."

मशीन बिघडलं की आपण काय करतो? कारणं सांगायला लागतो. दोरा तुटतोय, टाका सुटतोय, कालच तर तेल घातलं होतं. मिस्त्रीकाका हात वर करून आम्हाला गप्प करायचे, डोळे मिटायचे आणि चालत्या मशीनला कान लावायचे. आम्ही सगळे मशीनला 'ते' म्हणतो, त्यांच्या तोंडी ती कायम 'ती' असायची. तेवढ्या वेळात माझ्याकडच्या आठही बाया हातातलं काम सोडून, डॉक्टर पेशंट तपासत असल्यासारख्या बघत राहायच्या. मग काका डोळे उघडून एवढंच म्हणायचे, "शटल घासलंय." किंवा, "हिला उपाशी ठेवलंय तुम्ही," आणि तेलाची कुपी काढायचे.

उल्हासनगरात माझं शाळेचे गणवेश शिवायचं छोटं वर्कशॉप आहे. मी बदलापूरला बेलवलीत राहते, काका अंबरनाथला राहायचे. आजोबा नगरकडून कारखान्यात कामाला आलेले, घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. रविवारी ते पान्याला हात लावत नसत. एकदा शाळा उघडायच्या तोंडावर नेमकी रविवारी दोन मशिनं बसली. माझा माल घेणाऱ्या सिंधी शेठनी स्वतः त्यांना फोन लावला. "अरे साईं, भगवान को बोलो ना, आज का दिन अ‍ॅडजस्ट कर ले!"

काका शांतपणे म्हणाले, "बोल देता, शेठ. पर वो भी आज छुट्टी पे है."

शेठ इतके हसले की सोमवारपर्यंत थांबायला तयार झाले.

काकांच्या चर्चचा आफ्रिकेत, मलावी देशातल्या एका मिशनशी संबंध होता. एका वर्षी तिथले पाद्री अंबरनाथला आले आणि प्रार्थनेनंतर त्यांनी पडद्यावर फोटो दाखवले. वादळानंतर नदी पात्र सोडून शेतांवरून वाहिली होती. मका गेला, घरं गेली. पुरुष कामाच्या शोधात दुसऱ्या देशात गेले होते आणि गावात बाया, मुलं, म्हातारी माणसं उरली होती. गणवेश नाही म्हणून मुली शाळेत यायच्या बंद झाल्या होत्या. बायांनी शिवण शिकावं, गणवेश शिवावेत, त्यावर घरं चालावीत, असं मिशननं ठरवलं होतं. चर्चमधली सगळी माणसं मुलांचे चेहरे बघून डोळे पुसत होती. काकांचं लक्ष त्या मुलांच्या मागे, भिंतीला लावून ठेवलेल्या मशिनींकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले, पण हत्यारांची पिशवी उघडेनात.

"सतरा मशिनी आहेत, ताई. कुठल्यातरी श्रीमंत देशानं पाठवलेल्या. पाद्रीबाबांना विचारलं, चालतात का? तर म्हणाले, दोन चालतात. बाकीच्यांवर चादरी घालून ठेवल्यात, मढ्यावर घालतात तशा."

"का बरं?"

"सुटे भाग नाहीत. दुरुस्त करणारं कोणी नाही. देणाऱ्याला वाटलं, मशीन दिली की झालं."

काका तेव्हा साठीचे होते. विमान त्यांनी खालूनच पाहिलेलं. तरी तीन महिन्यांसाठी निघाले. बॅगेत कपड्यांचे दोन जोड, बाकी सगळ्या सुया, पट्टे, बॉबिन केस आणि शटल. काकूंनी हट्टानं कोंबलेली जवसाची चटणी तेवढी मधे. विमानतळावर बॅग उघडून तपासणाऱ्यानं विचारलं, "इतनी सुई? दुकान है क्या?"

"नहीं साहब," काका म्हणाले, "अस्पताल है."

तिथे ते प्रवचन वगैरे देत असतील, असा माझा समज होता. विचारलं तेव्हा ओशाळून म्हणाले, "शब्दाचं काम पाद्र्यांचं. माझ्याकडे तेलाचं."

तिथली भाषा त्यांना येत नव्हती, इंग्रजी कामापुरतीच. ते सरळ मराठीत शिकवायचे. पहिल्या वर्षी त्यांनी एक व्हिडिओ पाठवला. डोक्याला रंगीत फडकं बांधलेली एक बाई मशीनला कान लावून बसली होती आणि शेजारणीला दटावत होती, "थांबा! थांबा!" आम्ही वर्कशॉपमध्ये तो इतक्यांदा पाहिला की शेवटी मला ओरडावं लागलं.

मग दरवर्षी ते जायला लागले. एकदा ऐन हंगामात निघाले तेव्हा माझा तोल सुटला. म्हटलं, "काका, इथे काय दुःख कमी आहे, म्हणून तुम्ही सातासमुद्रापार जाता?"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "वालधुनी नदीचं पाणी तुमच्या वर्कशॉपात शिरलं होतं, आठवतं? मी चिखलातून आलो, चार दिवस तुमच्या मशिनी रॉकेलनं धूत बसलो. तेव्हा नाही विचारलंत, अंबरनाथमध्ये काय दुःख कमी आहे म्हणून."

मी कपाटातून सुयांचं एक पाकीट काढलं आणि त्यांच्या पिशवीत टाकलं.

काकूंविषयी सांगायला हवं. ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. मूलबाळ नव्हतं. नवऱ्याच्या वेडाची यथेच्छ चेष्टा करायची आणि त्याची बॅगही तीच भरायची. "माझ्या सवती सतरा," म्हणायची, "आणि सगळ्या लोखंडाच्या."

चौथ्या वर्षी निघताना काका मला म्हणाले, "ताई, आठवड्यातून एकदा हिच्याकडे डोकावत जा." मी हो म्हटलं.

पाचव्या आठवड्यात गेले तर काकूंचे डोळे पिवळे दिसले. कावीळ असेल म्हणून मीच त्यांना दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. डॉक्टरांनी महिन्यांची भाषा केलीच नाही, आठवड्यांची केली.

रिक्षात काकू बराच वेळ बाहेर बघत होत्या. मग त्यांनी माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"त्यांना कळवायचं नाही."

"काकू, असं कसं?"

"यंदा पाणी पुन्हा आलं तिथे. होत्या नव्हत्या त्या मशिनी बुडाल्या. सहा दुरुस्त झाल्यात, अकरा राहिल्यात. हे आले तर माझं दुखणं बरं होणार आहे का? नाही ना? मग त्या बायांचं तरी होऊ दे. माझी शपथ आहे तुला."

नगरहून त्यांची भाची येऊन राहिली. तिलाही हीच शपथ. कॅमेरा बिघडलाय असं सांगून काकू फोनवर नुसत्या बोलायच्या. फोन यायच्या आधी उशीला टेकून बसायच्या, घोटभर पाणी प्यायच्या, आणि मग आवाज चढवून विचारायच्या, "काय, कशा आहेत माझ्या सवती?" फोन ठेवला की तासभर त्यांना डोळे उघडवत नसत.

एका दुपारी काकांचा फोन मला आला. मी कापड बेतत होते.

"ताई, हिचा आवाज खाली बसलाय. काय झालंय?"

कात्री हातातच राहिली. समोर आठ मशिनं चालू होती, त्यांच्या गोंगाटाचा मला आधार वाटला.

"सर्दी झालीय, काका. हवा बदलली ना."

पलीकडे चालू असलेलं मशीन थांबलं. मग म्हणाले, "बरं. सुंठ द्या तिला."

तीन आठवड्यांनी, गुरुवारी दुपारी काकू गेल्या. काकांना फोन मीच केला. सगळं सांगितलं, शपथेसकट. "मी येईपर्यंत माती देऊ नका," एवढंच म्हणाले. तिथला पूल वाहून गेला होता. ते होडीनं, मग ट्रकनं, मग दोन विमानं बदलून चौथ्या दिवशी अंबरनाथला पोचले. बुटांना लाल माती तशीच होती. शवपेटीपाशी गेले, काकूंच्या कपाळावर हात ठेवून उभे राहिले. दफन होईपर्यंत आणि झाल्यावरही त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर चार महिने ते वर्कशॉपवर आले नाहीत. मशीन बिघडलं की दुसऱ्या मिस्त्रीला पाठवायचे. बाया विचारायच्या, काका का येत नाहीत? मी म्हणायचे, वय झालं. हे माझं दुसरं खोटं.

शेवटी मीच त्यांच्या घरी गेले. दार उघडून त्यांनी मला आत घेतलं, चहा ठेवला. पातेल्यात दोन कपांच्या बेतानं पाणी ओतलं, थोडं परत काढलं, पुन्हा घातलं. एकट्या माणसाचं माप हाताला बसलेलं होतं.

मी म्हटलं, "काका, मला माफ करा. मी तुम्हाला फसवलं."

ते चहाकडेच बघत होते.

"सर्दीनं आवाज वरून फुटतो, ताई. तिचा आतून संपत चालला होता. चाळीस वर्षं मी हेच ऐकायचं काम केलं. मला कळलं नसेल?"

चहा उकळून वर आला, तसा त्यांनी गॅस बारीक केला.

"कळलं होतं. पण तुम्ही सर्दी म्हणालात आणि मला बरं वाटलं. अकरा मशिनी राहिल्या होत्या ना. मी म्हटलं, ताई सांगतात म्हणजे सर्दीच असेल. तुमचं खोटं मला हवं होतं, ताई. मी ते धरून बसलो." त्यांनी गॅस बंद केला. "रागावायला तुम्ही समोर सापडलात, म्हणून तुमच्यावर रागावलो. माझ्यावर रागावून मी जाणार कुठे?"

चहा आम्ही प्यायलो. पुढच्या आठवड्यात ते वर्कशॉपवर आले. सगळी मशिनं पुसून, तेल घालून गेले. थट्टा मात्र पूर्वीसारखी केली नाही.

त्या पावसाळ्यानंतर ते पुन्हा मलावीला गेले. परतीचं तिकीट काढलं नव्हतं. सतराही मशिनी चालू झाल्या. आजूबाजूच्या शाळांचे गणवेशही तिथेच शिवले जाऊ लागले. ते अधूनमधून फोटो पाठवायचे, निळ्या झग्यांतल्या मुलींची ओळ, खाली एकच शब्द, "बघा." स्वतःचा फोटो कधी पाठवला नाही.

गेल्या वर्षी अनोळखी परदेशी नंबरवरून फोन आला. ग्रेस नावाची बाई, त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांतली सगळ्यात मोठी. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच. "मिस्त्री," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मलेरिया झाला होता, तीन दिवसांत सगळं संपलं. शिवणाच्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी खडूनं माझा नंबर लिहून ठेवला होता आणि पुढे इंग्रजीत 'घर' असं लिहिलं होतं. तो बघून तिनं फोन केला होता. त्यांना तिथेच, चर्चच्या आवारात माती दिली.

यंदा ईस्टरच्या सकाळी मी शेवंतीची फुलं घेऊन अंबरनाथच्या दफनभूमीत गेले. चर्चची माणसं आपापल्या कबरी धूत होती, मेणबत्त्या लावत होती. काकूंच्या कबरीवरचं गवत मी काढलं, फुलं ठेवली. तेवढ्यात ग्रेसचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे नुकतं उजाडत होतं. तिनं फोन वळवला. लाल मातीचा उंचवटा, लाकडी क्रूस, भोवती चुन्यानं रंगवलेले दगड. मीही माझा फोन वळवला.

आम्ही दोघी फोन तसेच धरून उभ्या राहिलो. तिच्या बाजूला कोंबडा आरवत होता, माझ्या बाजूला प्रार्थना चालली होती. हात भरून आला तेव्हा मी कोपर दुसऱ्या हातानं धरलं, पण फोन खाली घेतला नाही.