सहाव्या बोल्टची खूण

अप्पांचा पिवळा मार्कर मला फ्रिजमध्ये मेथीच्या जुडीखाली सापडला, तेव्हा मी त्यांच्यावर खेकसले होते. त्याची आता लाज वाटते. अप्पा म्हणजे माझे वडील. निघोज्याजवळच्या एका कंपनीत इंजिनांच्या लायनीवर तपासनीस म्हणून त्यांची उभी हयात गेली. फिटरने बोल्ट आवळला की अप्पांनी तो तपासायचा आणि त्याच्या डोक्यावर पिवळा ठिपका द्यायचा. ठिपका पडला की त्या बोल्टला पुन्हा कोणी हात लावायचा नाही. "पान्याची चूक माफ हाय, खुणेची न्हाई," हे आम्ही जेवताना इतक्यांदा ऐकलंय, की मी चाकणला लायनीवर लागले तेव्हा मला ते वेगळं शिकवावं लागलं नाही.

अप्पांची एक जुनी गाडी आहे, गोल दिव्यांची, वयाने माझ्याहून मोठी. घरात त्यांचं ऐकणारी तेवढी एकच, असं आई म्हणते. त्या गाडीत डाव्या बाजूला बसलेले अप्पा मी जन्मात पाहिले नव्हते.

मागे एकदा राजगुरुनगरहून येताना ते चाकणच्या चौकात बॉनेट उघडून तासभर उभे होते. ओळखीच्या भाजीवाल्याने फोन केला म्हणून मी धावत गेले. "इंजन तापलंय," अप्पा म्हणाले. भाजीवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, त्यांनी मला निघोज्याचा रस्ता विचारला." चाळीस वर्षं ज्या रस्त्याने गेले-आले, तो रस्ता. घरी आल्यावर मी गाडीची चावी मागितली आणि आमचं चांगलंच वाजलं.

पुढच्याच आठवड्यात गाडीचा वॉटर पंप खरोखरच गळायला लागला. अप्पांना कोण आनंद झाला! "बघ, मी न्हाई, गाडीच बिघडली व्हती." मग पैजही त्यांनीच लावली. "नवा पंप आपण दोघं बसवू. एक थेंब जरी गळला तरी चावी तुझी." मला चावी हवी होती. आणि तो पंप गळू नये, असंही मनापासून वाटत होतं.

काळेवाडीत जुन्या सुट्या भागांचं दुकान असलेल्या चाचांनी कपाटाच्या तळातून पंप काढला, फुंकर मारून वर्तमानपत्रात गुंडाळून दिला आणि अप्पांना सलाम सांगितला.

रविवारी सकाळी आम्ही कामाला लागलो. रेडिएटरचं पाणी काढलं, पट्टा सैल केला, पंखा उतरवला. जुना पंप जागचा हलेना, तसा माझा पारा चढला. अप्पांनी त्याला लाकडाचा तुकडा लावून हातोडीने हलकेच ठोकलं. "शिव्या घालू नगंस, म्हातारा हाय त्यो," म्हणाले आणि तो सुटला. मग नव्या पंपाच्या तोंडावर पॅकिंगचा कागद ठेवून ते हातोडीने कडेकडेने टकटक करत गेले, आणि कागद बरोबर त्या आकारात कापला गेला. तेवढा अर्धा तास ते माझे पूर्वीचे अप्पा होते. मला इतकं बरं वाटलं, की पैजेची आठवणही राहिली नाही.

पंपाला सहा बोल्ट. सगळे आधी बोटांनी बसवून घेतले. मग मी आवळायचं आणि अप्पांनी तपासून खूण करायची. पाच झाले आणि दारात गॅस सिलिंडरवाल्याने हाक मारली. मी जाऊन आले तर सहाही बोल्टांवर पिवळे ठिपके. अप्पांनीच शेवटचा आवळला असेल, असं मी धरून चालले. खूण झालेल्या बोल्टला माझा हात जातच नाही. पंखा, पट्टा चढवला, पाणी भरलं, अप्पांनी गाडी चालू केली.

दोन मिनिटांत पंपाखालून एक थेंब पडला. मग दुसरा.

मी गाडी बंद करायला लावली आणि वाकून खालून हात घातला. सगळ्यात खालचा, सहावा बोल्ट बोटांनीच फिरत होता.

"माझंच चुकलं," मी घाईघाईने म्हणाले. "आवळायचा राहिला माझ्याकडून." ते अगदीच खोटं नव्हतं.

अप्पा गाडीतून उतरले. वाकून बराच वेळ पाहत राहिले. "आन खूण कुणाची?"

मी पाना उचलला.

"मला त्यो आवळल्याचं आठवतंय गं," ते हळूच म्हणाले. "या हातानं आवळलेला आठवतोय."

मी बोल्ट आवळला. अप्पांनी चिंधी पुढे केली, "पूस ती खूण." मी पुसली नाही. लायनीवर दुसऱ्यांदा तपासलं की नवी खूण जुनीच्या शेजारी करतात. मी त्यांच्या खिशातला मार्कर घेऊन त्यांच्या ठिपक्याला खेटून माझा ठिपका दिला.

पुन्हा गाडी चालू केली, खाली वर्तमानपत्र पसरलं. दहा मिनिटं झाली तरी कागद कोरडा.

"गळत नाही, अप्पा. जिंकलात तुम्ही."

"पैला थेंब पडला का न्हाई?"

"पडला."

त्यांनी गाडी बंद करून चावी काढली, सदऱ्याला पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मला रडू आवरेना. "चला, चक्कर मारून येऊ," एवढंच मी कसंबसं म्हणाले. अप्पांनी सवयीने उजव्या दाराला हात घातला. थांबले. मग बॉनेटला वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि दार उघडून आत बसले.